मामींचं नाक

मामी दिसायला फार देखण्या होत्या. हे आधीच सांगून टाकते, कारण त्यावाचून पुढचं काही नीट कळायचं नाही. चाळिशी उलटून गेली होती, तरी त्या नळावर आल्या की बायकांचं बोलणं मध्येच थांबायचं. आणि मामा? मामांना लहानपणी देवी आल्या होत्या. चेहरा वणांनी भरलेला, डावी पापणी खाली ओढलेली, नाक बसकं. ते रे रोडला लाकडाच्या एका वखारीत मापारी होते. चाळीत नव्यानं येणारी माणसं त्यांना हमाल समजून खुशाल आपली ट्रंक उचलायला सांगायची, आणि मामा ती मुकाट्यानं वर नेऊन ठेवायचे. मग खरा प्रकार कळला की त्या माणसांना एकच प्रश्न पडायचा. अशा बाईनं असा नवरा कसा काय केला?

मलाही तो पडला. मी रत्नागिरीहून गिरगावातल्या एका मुलींच्या शाळेत शिक्षिका म्हणून आले होते आणि राहायला जागा शोधत होते. मामींचं, म्हणजे सगळी चाळ ज्यांना मामी म्हणे त्यांचं, बिऱ्हाड तीन लहान खोल्यांचं. त्यातली रस्त्याकडची खोली त्या भाड्यानं देत. मी दारात उभी राहिले, तर मला आत बोलवायच्या आधी त्याच उंबऱ्याबाहेर आल्या, माझ्या खांद्यापाशी उभ्या राहिल्या आणि त्यांनी डोळे मिटले. मला वाटलं, बाईंना भोवळ येतेय. मी हात पुढे केला, तेवढ्यात त्यांनी डोळे उघडले.

"खोटं बोलणारी नाहीस," त्या म्हणाल्या. "पण घाबरतेस फार. कुणाला एवढी घाबरतेस? राहा इथे, जाईल ते."

मी काही बोललेच नव्हते, तर खोटं काय नि खरं काय. पण घाबरलेली होते हे मात्र खरं होतं.

मामींचं नाक हे चाळीतलं एक प्रकरणच होतं. जिन्यावर कोण चढतंय हे त्यांना दार बंद असताना कळायचं. शेजारच्या मुलीच्या अंगात ताप आहे हे तिच्या आईच्या हाताला लागायच्या आधी त्या सांगायच्या. मासळीबाजारात त्या शिरल्या की कोळणी आपणहून पाटीतला खालचा ताजा मासा वर काढायच्या; उगीच घासाघीस नको. शाळेतून मी चिडून आले तर दारातच विचारायच्या, "आज कुणाशी वाजलं?" मी म्हणायची, तुम्हाला कसं कळलं? "आंबूस येतो गो राग. भीतीचा वास निराळा, न घासलेल्या तांब्यासारखा."

त्या घरात उदबत्ती लागत नसे. देवापुढे फूल असायचं, तेही बिनवासाचं. वासाचा साबण नाही, पावडर नाही, केसांना साधं खोबरेल. गजरा त्या घालायच्या तो फक्त लग्नाकार्याला जाताना, आणि परत आल्यावर जिन्याच्या कठड्यालाच अडकवून आत यायच्या. मी एकदा माझ्या पहिल्या पगारातून कसलीशी सुगंधी पावडर आणली. मामींनी डबी हातात घेऊन उलटसुलट बघितली आणि म्हणाल्या, "चांगली आहे. पण ही लावलीस की मला तू कुठे आहेस ते कळत नाही."

आणि मग ती संध्याकाळची गोष्ट. इतर घरांतले पुरुष कामावरून आले की बायका म्हणायच्या, आधी हातपाय धुवा. मामींचं उलट. मामा उंबऱ्यावर आले की मामी हातातलं काम टाकून दारात यायच्या, त्यांच्या हातातला डबा घ्यायच्या आणि तशाच उभ्या राहायच्या. काही बोलणं नाही, स्पर्श नाही. नुसत्या उभ्या, डोळे मिटून, एक वीतभर अंतरावर. मामा टोपी हातात घेऊन खाली बघत थांबायचे. मग मामी म्हणायच्या, "जा आता, धुऊन घ्या." हे रोज. पहिल्यांदा हे पाहिलं तेव्हा मी शरमेनं माझ्या खोलीत गेले. पुढे सवय झाली, पण लग्न झालेल्या माणसांत असं काही असतं हे मला तोवर कुणी सांगितलंच नव्हतं, आणि त्यानंतरही मी ते दुसऱ्या कुठल्या घरात पाहिलेलं नाही.

मामा बोलायचे कमी. मामी त्यांच्या नाकाशी काहीबाही धरायच्या. कधी आंबा, कधी फोडणीची वाटी, कधी गावाहून आलेलं आमसूल. "वास घ्या बघू." मामा श्वास ओढून घ्यायचे आणि म्हणायचे, "फक्कड." आंबा असो की आमसूल, एकच शब्द. मामी खूश व्हायच्या.

त्यांच्या लग्नाची हकिकत मामींनीच मला सांगितली, तांदूळ निवडता निवडता. मामी मालवणकडच्या. त्यांना बघायला एक वकील आला होता. गोरा, उंच, सोन्याच्या काड्यांचा चष्मा. घरात सगळ्या बायका खिडकीच्या फटीतून बघून हरखून गेलेल्या. मामी कोकमाचं सरबत घेऊन बाहेर आल्या. वकिलाला पेला देताना त्या वाकल्या आणि पेला देऊन चटकन मागे झाल्या. "घाणेरडा वास नव्हता गो. स्वच्छ माणूस. पण परका. असा परका की त्याच्या शेजारी बसून जन्मभर जेवायचं म्हणजे धर्मशाळेत जेवल्यासारखं." मग कोपऱ्यात त्याचा एक दोस्त बसला होता, फळांची पिशवी सांभाळत, मान खाली घालून. त्याला पेला द्यायला मामी वाकल्या आणि तिथून हलेचनात.

"कसा होता वास?" मी विचारलं.

मामी बराच वेळ हातातला खडा चाचपत राहिल्या. "उन्हात तापलेल्या पेंढ्यासारखा. म्हणजे वरून. त्याच्या खाली जो होता त्याला नाव नाही. आपल्या घराला काय नाव असतं?"

आत जाऊन त्यांनी वडिलांना सांगितलं की करीन तर त्या पिशवीवाल्याला. वडिलांनी कपाळाला हात लावला. आईनं विचारलं, तोंड पाहिलंस का त्याचं? मामी म्हणाल्या, "नाही पाहिलं." आणि ते खरंच होतं. घरात बरंच रामायण झालं, मामींनी जेवण सोडलं, आणि शेवटी लग्न झालं.

"डोळे म्हणजे दलाल," मामी म्हणायच्या. "दुसऱ्याचा माल खपवतात. नाक घरचं माणूस."

साहजिकच चाळीतल्या आया आपल्या मुलींची स्थळं घेऊन मामींकडे यायच्या. एकदा वास घेऊन सांगा हो, मुलगा कसा आहे. मामी साफ नाही म्हणायच्या. "माझं नाक माझ्यापुरतं. मला जो आंबट लागेल तो तिला गोड लागेल. मी कोण सांगणार?" पण त्या एक करायच्या. मुलगामुलगी त्यांच्याकडे आली की मुलाला तोंड धुवायला लावायच्या, म्हणजे पावडर नि अत्तर जायचं, आणि मग लोकरीची एक मोठी लड त्याच्या दोन्ही हातांत अडकवून मुलीला समोर बसवायच्या. तिनं गुंडा करायचा. वडील माणसं पलीकडे चहा पीत बसायची. लोकर सोडवायची म्हणजे दोघांना हातभर अंतरावर बसावंच लागतं, आणि बोललंच पाहिजे असं नसतं.

मलाही त्या लोकरीसमोर बसवलं. माझ्या भावानं स्थळ आणलं होतं. परळच्या एका गिरणीत इंजिनियर, दादरला स्वतःचा ब्लॉक, आणि दिसायला असा की शाळेतल्या माझ्या सहकारी शिक्षिका फोटो बघून गप्प झाल्या होत्या. मीही झाले होते. त्यानं मुकाट्यानं तोंड धुतलं, हसत हसत हात पुढे केले. चांगला स्वभाव होता. मी गुंडा करू लागले. निम्मी लोकर झाली असेल, तेव्हा माझ्या लक्षात आलं की माझे हात ताणले गेलेत आणि पाठ भिंतीला टेकलीय. मी कधी मागे सरकले ते मलाच कळलं नव्हतं. त्याच्या अंगाला कसलाही वाईट वास नव्हता. दुसऱ्याच्या बिऱ्हाडात चुकून शिरावं आणि सगळं नीटनेटकं असूनही पाय मागे फिरावेत, तसं वाटत होतं. मी पुन्हा त्याच्या चेहऱ्याकडे बघितलं, तर तो कॅलेंडरवरच्या चित्रासारखा दिसला. छान, आणि भिंतीवरचा.

मी नाही म्हटलं. भाऊ कितीतरी दिवस माझ्याशी बोलला नाही. मामींनी मला एका शब्दानं विचारलं नाही. काही वर्षांनी तो इंजिनियर मला दादरच्या बाजारात बायकोसह दिसला. ती त्याच्या बाहीला अगदी लागून उभी होती आणि आपण तशा उभ्या आहोत हे तिला ठाऊकही नव्हतं. मला फार बरं वाटलं. माझं लग्न पुढे कुणाशी झालं हे इथे सांगायचं कारण नाही. पण लोकर त्याच्याही हातात दिली होती, एवढं सांगते.

ती सगळी संयुक्त महाराष्ट्राची वर्षं. गिरगावात दिवसाआड सभा, मोर्चे, मधूनच संचारबंदी. वर्गात इतिहास शिकवताना बाहेरून 'झालाच पाहिजे' ऐकू यायचं आणि मुली बाकांवर मुठी आपटून साथ द्यायच्या. मामांना राजकारणात फारसं गम्य नव्हतं. वखारीतली माणसं गेली की ते जायचे. मामींचं मात्र विलक्षण होतं. त्या मोर्चाला जायच्या ते वासासाठी.

"एवढी माणसं एका गोष्टीसाठी चिडली की सगळ्यांचा वास एक होतो," त्या मला म्हणाल्या. "गिरणीवाला, भटजी, कोळीण, सगळी एक. तापल्या तव्यावर पाणी मारल्यासारखा. असा वास मी आयुष्यात घेतला नव्हता. राज्य होईल गो. हा वास मागे फिरणारा नाही."

अशाच एका मोर्चाला मीही त्यांच्याबरोबर होते. आम्ही बायका मोर्चाच्या मधोमध होतो. सगळ्यांच्या हातात ओले रुमाल आणि चिरलेले कांदे. अश्रुधुराला तो उपाय म्हणून कुणीतरी सांगितलेलं. चौकाच्या अलीकडे पुढची माणसं थांबली. धुराची नळकांडी येऊन पडली. डोळे जळायला लागले, आणि पुढची गर्दी एकदम मागे वळली. मी मामींचा हात धरला होता. तो सुटला. मी वळून बघितलं तेव्हा त्या उताण्या पडल्या होत्या आणि डोकं फुटपाथच्या दगडावर आपटलं होतं. रक्त फार नव्हतं. दोन गिरणीकामगारांनी त्यांना उचलून एका दुकानाच्या फळीवर ठेवलं. त्या शुद्धीवर होत्या. मला म्हणाल्या, "कांदे कुणी टाकले का?" माझ्या हातातला कांदा त्यांच्या तोंडापासून चार बोटांवर होता.

इस्पितळातून चार दिवसांनी घरी आणलं. जखम भरत आली होती. संध्याकाळी मामा वखारीतून आले ते सरळ खाटेपाशी येऊन उभे राहिले, अंगावर लाकडाचा भुसा, सदरा घामानं पाठीला चिकटलेला. मामींनी डोळे मिटले. आम्ही दोघंही थांबलो. त्यांनी डोळे उघडले आणि विचारलं, "आंघोळ करून आलात?"

मामा म्हणाले, "होय."

ते खोटं होतं, आणि का बोलले ते मला तेव्हाच कळलं.

डॉक्टरांनी समजावून सांगितलं. डोकं मागून आपटलं की नाकाचे बारीक तंतू तुटतात कधीकधी. पुन्हा जुळतील, कदाचित नाही. मामींनी ऐकून घेतलं. घरी आल्यावर त्यांनी सगळे डबे उघडून एकेक नाकाशी धरला. हिंग, वेलची, सुकट, रॉकेल. मग झाकणं लावून ठेवून दिले.

त्यानंतरचे महिने मला आठवतात ते मामींच्या दचकण्यानं. जन्मभर ज्या बाईला पाठीमागचं माणूस ओळखू यायचं, तिच्या मागे कुणी उभं राहिलं की ती किंचाळायची. स्वयंपाक बिघडायला लागला. त्या माझ्याकडेही रोखून बघायच्या, जणू मला ताडून घेत होत्या. आणि एक दिवस मामांची वळकटी गॅलरीत गेली. उन्हाळ्यात पुरुष बाहेर झोपतातच, पण हा पौष होता. सगळ्या चाळीनं ते पाहिलं. मामांनी वळकटी स्वतःच उचलली आणि घोंगडी पांघरून कठड्याशी पडले.

मला राग आला. मामींशी मी एवढ्या वर्षांत कधी चढ्या आवाजात बोलले नव्हते, ती त्या दिवशी बोलले. म्हटलं, "माणूस तोच आहे ना, मामी? त्यांचं काय बदललं?"

मामी खाली बसल्या. "तुला तो दिसतो म्हणून तुला तोच वाटतो," त्या म्हणाल्या. "मला तो डोळ्यांनी ठाऊकच नव्हता. इतकी वर्षं तोंडाकडे बघायची गरजच पडली नाही. आता शेजारी झोपतो तो कोण ते मला कळत नाही. एक अनोळखी बाप्या, तोंडभर वण. मी आतून कडी लावून घेते आणि मग रडते. मला कळतं सगळं. कळून काय करू?"

थोड्या वेळानं त्या उठल्या, खुंटीवरचा मामांचा कालचा सदरा काढला आणि माझ्या हातात दिला. "वास घे. मला सांग."

परक्या पुरुषाचा घामाचा सदरा. मी इकडेतिकडे बघितलं. पण मामी समोर बसल्या होत्या, गावाकडून आलेल्या माणसाकडून खुशाली ऐकायला बसतात तशा. मी सदरा तोंडाशी धरला.

"लाकूड," मी म्हटलं. "सागवान असेल. घाम. थोडी तंबाखू."

"ती वखार झाली. खाली?"

मी पुन्हा श्वास घेतला. बराच वेळ घेतला. "काहीतरी... ताकासारखं. किंचित."

मामी हसल्या. पडल्यापासून पहिल्यांदाच. "तुझ्यासाठी ताक. होय, बरोबर आहे. तुला तो पेंढा कुठून सापडणार?" त्यांनी सदरा माझ्याकडून घेतला, घडी घातली, आणि उलगडून पुन्हा खुंटीला लावला.

मग तो रविवार आला. मामींनी बऱ्याच दिवसांनी हट्टानं स्वतः बाजारात जाऊन बांगडे आणले होते. दुपारी आम्ही तिघं जेवायला बसलो. मी पहिला घास तोंडाजवळ नेला आणि हात थांबला. मासा नासलेला होता. कोळणीला कळलं असणार की मामींना आता कळत नाही. बाजारात बातमी पोचायला कितीसा वेळ लागतो. मी काय करावं ते सुचेना. मामी माझ्याकडेच बघत होत्या. हल्ली त्या तोंडांकडेच बघायच्या. माझा चेहरा बघून त्यांना सगळं समजलं. त्यांनी झटकन मामांच्या ताटाकडे बघितलं.

मामांचा एक बांगडा संपला होता. दुसरा अर्धा झाला होता. ते आमटीत भात कालवून अगदी चवीनं जेवत होते.

"अहो," मामी म्हणाल्या, "मासा नासलाय."

मामांनी वर बघितलं. मग माझ्याकडे, मग ताटाकडे. हातातला घास त्यांनी हळूच ताटाच्या कडेला ठेवला.

"तुम्हाला नाही कळलं?"

"नाही गो."

"एवढी घाण येत असणार. हिनं तोंडाला लावला नाही. तुम्ही दीड खाल्लात."

मामी त्यांच्याकडे बघत राहिल्या. मी उठायला लागले, तर मामांनीच हातानं मला बस म्हणून खुणावलं. बहुधा दोघंच असती तर त्यांना बोलता आलं नसतं.

"देवी आल्या ना, तेव्हाच गेलं," ते म्हणाले. "सहा वर्षांचा असेन. वास म्हणजे काय तेही आता आठवत नाही."

"म्हणजे तुम्हाला... आंबा?"

"गोड लागतो."

"मी रोज नाकाशी धरायची. तुम्ही फक्कड म्हणायचात."

"तू खूश व्हायचीस."

खाली रस्त्यावरून कुणीतरी घोषणा देत गेलं. मामींनी हात धुतला नव्हता, तो ताटावरच थांबला होता. त्या अगदी हलक्या आवाजात म्हणाल्या, "एवढी वर्षं मला सांगितलं का नाही?"

"तुझा वासावर फार जीव. मला कळत नाही म्हटलं असतं तर तुला वाटलं असतं, आपण एकट्याच. तसं कशाला वाटू द्यायचं?" मामा एवढं एका दमात बोललेले मी कधी ऐकलं नव्हतं. "आता तुझंही गेलं. मला रोज वाटायचं सांगावं. सवय होते गो. भाजलेला पापड कानानं कळतो. आमटी झाली की तिचा आवाज जड होतो. मी दाखवीन तुला. पण तू बोलत नव्हतीस."

"मग तुम्ही माझ्यात काय बघितलंत?" मामींनी विचारलं. "त्या दिवशी? मी तर तुमच्या वासानं आले. तुम्हाला काय कळलं?"

मामांनी आपला चेहरा हातानं पुसला, जसा ते बोलायचं नसलं की पुसायचे. पण बोलले.

"माणसं माझ्याकडे बघतात आणि नजर वळवतात. लहानपणापासून. वाईट मनात नसतं त्यांच्या. तू पेला दिलास आणि उभी राहिलीस. सरकली नाहीस."

"माझे डोळे मिटलेले होते."

"ते मला दिसत होतं ना. तरी जवळ उभी होतीस. इतक्या जवळ आईनंतर कुणी उभं राहिलं नव्हतं."

मी तिथून उठले ती सरळ जिना उतरून रस्त्यावर गेले. चौपाटीपर्यंत चालत गेले. मला त्या वेळी काय वाटलं ते आजही धड सांगता येत नाही. माणूस माणसाला का आवडतो हे मामींना पक्कं ठाऊक आहे, असं मी धरून चालले होते. आणि इथे एकाच ताटलीत जेवल्यासारखी जगलेली दोन माणसं. एकीनं नाकानं निवडलेलं आणि दुसऱ्याला नाकच नाही. आणि तरी चूक कुणाचीच झाली नव्हती.

परत आले तेव्हा मामींनी मामांना मिठाचं पाणी पाजून ओकायला लावलं होतं आणि त्या त्यांची पाठ चोळत बसल्या होत्या. मामांच्या अंगावर गांधी उठल्या होत्या. वळकटी आत आली होती.

मामींचं नाक काही परत आलं नाही. एकदा मध्येच त्यांना वाटलं की काहीतरी जळतंय, पण तो भास होता. मामांनी त्यांना स्वयंपाक पुन्हा शिकवला, खरंच शिकवला, चुलीपुढे दोघं कान लावून बसायची आणि मामा म्हणायचे, "आता ऐक, आता तळ लागेल." संध्याकाळी मामी दारात जायच्या थांबल्या नाहीत. फक्त डोळे उघडे ठेवायला लागल्या. पहिले काही दिवस त्यांना ते जड गेलेलं मला दिसायचं. एका वणापासून दुसऱ्या वणाकडे त्या बघत जायच्या, वाट माहीत नसलेल्या गावात जावं तशा. मामांना त्याहून जड जायचं. असं कुणी त्यांच्याकडे बघितलंच नव्हतं. ते अवघडून म्हणायचे, "पुरे गो." मामी म्हणायच्या, "थांबा. अजून नाही झालं."

महाराष्ट्र झाला त्या आठवड्यात गिरगावात घरोघर रोषणाई होती, दुकानांतून पेढे वाटत होते. सकाळी मामी नवी साडी नेसून माझ्या खोलीत आल्या आणि म्हणाल्या, "चल आमच्याबरोबर. ह्यांना एकट्यानं ओढून नेणं मला जमणार नाही." जायचं होतं फोटो स्टुडिओत. मामांनी आयुष्यात फोटो काढू दिला नव्हता, लग्नातलाही नाही. जिन्यावर तीनदा थांबले. स्टुडिओवाल्याकडे त्या दिवशी गर्दी होती, सगळी कुटुंबं नटूनथटून आलेली. आमची पाळी आली. त्या सभ्य माणसानं मामांना बघितलं, मामींना बाजूला घेतलं आणि हलक्या आवाजात सांगितलं, "काळजी करू नका बाई. काचेवर पेन्सिल फिरवून सगळं साफ करून देतो. एक डाग दिसणार नाही. वेगळे पैसे नाहीत."

"हात लावायचा नाही," मामी म्हणाल्या.

"अहो, सगळेच करून घेतात."

"घेऊ देत. मला हे तोंड नुकतंच पाठ झालंय. त्यातलं एक जरी पुसलंत तरी मला माझा माणूस सापडायचा नाही."

स्टुडिओवाला कॅमेऱ्यामागे गेला. मामा खुर्चीत ताठ बसले होते, सदऱ्याचं वरचं बटण आवळलेलं. मामी बाजूला उभ्या राहिल्या. काळ्या कापडातून आवाज आला, "बाई, इकडे बघा. भिंगाकडे."

मामी मामांकडे बघत होत्या.

"बाई, इकडे."

"तुम्ही काढा," मामी म्हणाल्या. "माझं इकडे काम आहे."